हिशेबी पिंजरा

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली जो राहतो, त्याला कोणी कधी लाडाने हाक मारलेली नाही. लाड होतात ते मांजरांच्या भांड्यांचे. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या जर्मनच्या टोपाकडे येणारे-जाणारे कौतुकाने पाहतात. त्यात उकळणाऱ्या माशांच्या डोक्यांना नाक मुरडणारेसुद्धा "पुण्य आहे हो आजी" म्हणूनच पुढे सरकतात. पिंजऱ्याकडे बघून कोणाला पुण्य आठवत नाही. लहान मुलं त्याला बिचकतात. नवा भाडेकरू तो घुशींसाठी आहे असं समजतो. आणि तो खरा कशासाठी आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ते त्याच्याविषयी बोलताना आवाज जरा खाली आणतात.

दिसायला तो मुळीच देखणा नाही. अडीच फूट लांब, फूटभर रुंद, रुंदीहून चार बोटं उंच. लोखंडी जाळी, वर धरायला कडी, एका टोकाला वर सरकणारं दार आणि आत जमिनीपासून जेमतेम उचललेली पत्र्याची पट्टी. पट्टीवर पंजा पडला की आकडा सुटतो आणि दार खाली येतं. त्याची सगळी विद्या एवढीच. पण ती वापरताना तो कोणाला सवलत देत नाही. टॉवरमधून हाकललेलं केसाळ पर्शियन असो नाहीतर कान फाटलेला गल्लीतला बोका, गिरणीच्या दारावरच्या जुन्या टाइमकीपरसारखा तो माणूस बघत नाही, पाऊल बघतो. पाऊल पडलं, दार लागलं.

घराणं सांगायचं तर तो उंदराच्या पिंजऱ्याचा थोरला भाऊ. टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, खानावळी आणि मासळीबाजार बंद पडले. त्यांच्या मागच्या दारांवर जगणारी मांजरं चाळीच्या अंगणात येऊन बसू लागली. तेव्हा आमच्यातल्या तिघाचौघांनी वर्गणी काढून एका वेल्डिंगवाल्याकडून हा बनवून घेतला. वेल्डिंगवाल्याला आधी पटेना. "एवढा मोठा उंदीर कुठे बघितलात?" असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने समोर उंदराचा पिंजरा ठेवला, टेप लावून प्रत्येक माप वाढवलं आणि थोरला जन्माला आला. दोघा भावांत फरक एवढाच, की धाकट्याकडे गेलेला पाहुणा बादलीतल्या पाण्यात जातो आणि थोरल्याकडचा दोन-चार दिवसांत आपल्याच गल्लीत परत येतो, एका कानाचं टोक कापलेलं घेऊन. ते कापलेलं टोक म्हणजे याची पोचपावती. नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आहे, पुन्हा पकडू नका, एवढं ते लांबूनच सांगतं. भूल असतानाच ते कापतात, त्यामुळे मांजराला त्याचा पत्ता नंतर लागतो आणि बहुधा लागतच नाही.

तो कामाला निघतो तो रात्री. दुपारी चाळीत पोरं, फेरीवाले, वाळत घातलेल्या कपड्यांची फडफड, त्यात कुठलंही मांजर त्याच्या वाटेला जात नाही. साडेदहानंतर, टीव्ही बंद व्हायला लागले की त्याला मोरीमागच्या बोळात नेऊन ठेवतात. तळाला वर्तमानपत्र अंथरायचं, कारण जाळी पंज्यांना टोचते. आमिष पट्टीच्या पलीकडे, अगदी शेवटच्या भिंतीला. अलीकडे ठेवलं तर मांजर मान लांब करून ते ओढून नेतं आणि हा उघड्या दाराने बघत बसतो. आमिषात त्याची आवड ठरलेली आहे. भाजलेला बोंबील सर्वात वर, तेलातली तारली त्याखाली. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा. दूध त्याला अजिबात चालत नाही. दुधाला वास कमी, आणि तसंही मोठ्या मांजराच्या पोटाला ते सहसा मानवत नाही. मांजर म्हणजे दूध हे समीकरण आपल्या बालगीतांचं आहे, मांजरांचं नव्हे.

दार पडल्याचा आवाज मोठा होतो. त्यानंतरची दोन मिनिटं त्याच्या धंद्यातली सर्वात वाईट. आतला जीव वेडापिसा होऊन जाळीवर आपटतो. एका बाजूची तार कायमची बाहेर वाकली आहे, ती एका बोक्याने तिथे केलेली सही आहे. यावर इलाज एकच, जुनी चादर. वरून चादर पडली, अंधार झाला की नवल वाटावं इतक्या लवकर आतली धडपड थांबते. म्हणून पिंजरा आणि चादर ही जोडी कधी फोडायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. दुसरा नियम, भरलेला पिंजरा एकटा सोडायचा नाही. तिसरा, आत भाटी असेल तर चादर टाकण्याआधी टॉर्चने तिचं पोट आणि आचळं बघायची. दूध उतरलेलं दिसलं तर पिल्लं कुठेतरी कोनाड्यात वाट बघत असणार. तिला सोडून द्यायचं, पिल्लं खायला लागली की पुन्हा यायचं.

त्याच्यापाशी एक वही असते. कडीला सुतळीने बांधलेली, शंभर पानी, वर कोणाच्या तरी मुलाने चिकटवलेलं शाळेचं लेबल. कोणी नेला, केव्हा नेला, कोणाला पकडलं, केव्हा आणला. नेणाऱ्यांत शेजारच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई आहेत, रात्रपाळीचा वॉचमनदादा आहे, कॉल सेंटरमधून पहाटे परतणारी एक मुलगी आहे, मासळीबाजारातल्या एक मावशी आहेत. यांतले बरेच एकमेकांना ओळखत नाहीत, पण अक्षर ओळखतात. त्या वहीच्या मागच्या पानांवर दुसरा एक हिशेब आपोआप साठत गेला आहे. तिथे लोक खर्च लिहितात. त्यामुळे ती पानं मुंबईच्या महागाईची बखर झाली आहेत. ती लिहिण्याचा विचार मात्र कोणाच्याही मनात नव्हता.

टॅक्सीचंच बघा. पिंजरा आला तेव्हा काळी-पिवळी टॅक्सी बावीस रुपयांना मीटर टाकायची. मार्च २०२१ मध्ये ते पंचवीस झाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये अठ्ठावीस, फेब्रुवारी २०२५ मध्ये एकतीस. आजारी किंवा गाडीखाली आलेलं मांजर असलं की पिंजऱ्याची स्वारी परळला निघते, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या दिशेने. १८८३ पासून मुंबईतल्या मुक्या जनावरांचा तो दवाखाना. लालबागहून अंतर इतकं थोडं, की टॅक्सीवाल्याला जवळचं भाडं नको असतं आणि चादरीखालचं गुरगुरणारं भाडं तर त्याहून नको असतं. मग बस. चादर नीट खोचून, "लोणच्याची बरणी आहे" असा चेहरा करून चढायचं. तर मे २०२५ मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान भाडं पाचाचे दहा केले. वहीत त्या महिन्यात बालवाडीच्या बाईंनी फक्त "चालत" असं लिहिलं आहे. पाच किलोचा पिंजरा, त्यात साडेतीन किलोची भाटी आणि उन्हाचा परळचा पूल.

बाजाराच्या पानांवर वेगळी गंमत आहे. कोळणी पूर्वी माशांची डोकी, शेपट्या आणि काटे पिशवीत भरून नुसते देऊन टाकायच्या. "न्या वो माज्या मांजरांना" असा त्यात मालकी हक्क असायचा. पुढे डोक्यांना भाव लागला. त्यांनाही दोष द्यावा कसा? डिझेल वाढलं, बर्फ वाढला, बोटीला मिळणारा मासा घटला आणि डोक्यांचा रस्सा करणारी माणसंच वाढली. माणसाच्या ताटात जायला लागली ती वस्तू मांजराला फुकट मिळत नाही. कोंबडीच्या दुकानात तेच झालं. पाये आणि माना एकेकाळी दुकानदार टाकून द्यायचा, आता त्याचेही वाटे लागतात. तयार पाकिटांची तर बातच सोडा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा गाईगुरांचं खाद्य करमुक्त ठेवलं, पण कुत्र्यामांजरांच्या पाकिटबंद खाण्यावर अठरा टक्के लागले. घरात पाळलेलं जनावर ही चैन, असा त्यामागे हिशेब असणार. बोळातल्या मांजराला आपण चैनीत मोडतो हे कोणी सांगितलेलं नाही. पंच्याऐंशी ग्रॅमच्या ओल्या पाकिटात साठ-सत्तर उष्मांक असतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशेच्या वर लागतात. म्हणजे एका मांजराला रोज तीन-चार पाकिटं. अशी आठ मांजरं जोपासायची म्हटली तर महिन्याच्या शेवटी पगाराला हात जोडावे लागतील.

म्हणून आजींचा टोप. आणि इथे पिंजऱ्याच्या चरित्रातलं मोठं भांडण येतं.

आजींचं त्याच्याशी वाकडं होतं. तो आला त्या दिवसापासून त्याला त्या "यमाचं दार" म्हणायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. दाराशी आलेल्याला खायला घालावं, कापायला काय नेता? पोरवडा होणार तर होऊ दे, देव चोच देतो तो चारा देतो. गर्दी वाढली तशी त्यांनी टोपातला तांदूळ वाढवला. ते स्वस्तात पडतं हे खरं, पण मांजर मुळातच मांसाहारी. टॉरिन नावाचं जे द्रव्य डोळ्यांना आणि काळजाला लागतं, ते तांदळात नाही. मासे उकळले की ते बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणून उकळलेलं पाणी मोरीत न ओतता त्यातच कालवावं लागतं. हे आजींना कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी ते पाणी कधी फेकलं नाही. चव त्यातच असते, एवढंच त्यांना ठाऊक. पण पाणी कितीही कालवलं तरी आठांच्या माशात बारा मांजरं जेवली की प्रत्येकाच्या वाटेला भातच जास्त येतो.

बारा कशी झाली, हे पिंजऱ्याला विचारावं. त्याला बाकी काही येत नसलं तरी हे गणित पाठ आहे. भाटी नऊ आठवड्यांत विते. एका वेताला चारेक पिल्लं धरा. वर्षाला दोन वेतं सहज होतात, कधी तीन. पोरगी-पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं, अजून स्वतःच्या शेपटीशी खेळत असलं तरी ते गाभण राहू शकतं. बोळातली अर्धी पिल्लं गाडीखाली, पावसात आणि साथीत जातात असं धरलं, तरी उरलेली पुढच्या वर्षी टोपाशी रांगेत असतात. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात, आणि आमच्या चाळीत सातांपैकी सहा घरांनी आता भांडं ठेवणं बंद केलं होतं. सगळ्यांचा भार पहिल्या मजल्यावर आला.

आजींना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन येते. सप्टेंबर २०१४ मध्ये या पेन्शनची किमान रक्कम हजार रुपये ठरली. पुढची दहा-अकरा वर्षं ती हजारावरच उभी राहिली आणि आजी त्याच किमान रकमेतल्या. २०२० च्या मध्यात मुंबईत घरगुती सिलिंडर सहाशेच्या आत मिळत होता. जुलै २०२२ मध्ये तो एक हजार बावन्न रुपये पन्नास पैसे झाला. त्या महिन्यात सरकारने दिलेल्या अख्ख्या पेन्शनमध्ये एक सिलिंडर बसेना, बावन्न रुपये पन्नास पैसे वरून घालायची वेळ आली. पुढे दोनशे उतरले, मग शंभर, मग एप्रिल २०२५ मध्ये पन्नास परत चढले. घरचा सिलिंडर मुलगा आणत होता हे खरं, पण टोप रोज पाऊण तास शेगडीवर असतो हे सुनेला दिसत होतं. ती बोलली काही नाही. कुकरची शिट्टी मात्र जरा लवकर बंद करायला लागली.

आजींनी पिंजऱ्याला सलाम केला तो या काळात. मासेबंदीचा महिना, बाजारात जे काही होतं ते बर्फातलं आणि दुप्पट दराचं. एका सकाळी त्या जिन्याखाली आल्या, वही उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, "तिरंगी." एवढंच. तिरंगी म्हणजे त्यांची लाडकी, पांढऱ्या अंगावर काळे-भगवे ठिगळ असलेली. अशा तीन रंगांची मांजरं जवळजवळ सगळी माद्याच असतात आणि ही तर चाळीतल्या निम्म्या लोकसंख्येची आई किंवा आजी होती. "मला पेन्शन एकदाच मिळते रे," त्या म्हणाल्या, "आणि हिला पोरं वर्षातून दोनदा. माझं नि हिचं गणित आता जमायचं नाही."

तिरंगीने पिंजऱ्याची लाज काढली. बाकीची मांजरं भुकेला भुलतात, ही भुलेना. पट्टीच्या अलीकडे थांबायची, आतला बोंबील हुंगायची, पिंजऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून कुंपणावर जाऊन बसायची. दोनदा तिने एका नवख्या बोक्याला पुढे घातलं, तो अडकला आणि ही कुंपणावरून बघत राहिली. एका रात्री आत घूस सापडली, तिने चादरीला भोक पाडलं. तेव्हा वॉचमनदादाने शहाणपणा सांगितला: दार तारेने वर बांधून टाका आणि हिला रोज आतच जेवू घाला. पिंजऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आपली विद्या गुंडाळून ठेवली. दार उघडं, आकडा बांधलेला, पट्टीवर वर्तमानपत्र. पहिल्या काही दिवसांत ती मागचे दोन पाय बाहेर ठेवून जेवली. मग तीन पाय आत आले. मग ती जेवून झाल्यावर आतच बसून तोंड धुवायला लागली. ज्या रात्री तार काढली त्या रात्री दार पडल्यावर तिने जाळीवर एकदाही आपटून घेतलं नाही, नुसती आजींच्या खिडकीकडे बघून ओरडली. आजींनी खिडकी लावून घेतली.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. खासगी दवाखान्यात काही हजार पडले असते, एका संस्थेच्या शिबिरात जमेल तशी देणगी टाकून निभावलं. पुढचे चार दिवस तिरंगी आजींच्या मोरीत, पोटावर टाके घेऊन. आमच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत मोरी ही एकच जागा, तिथे माणसांनी आंघोळ केव्हा करायची याचं वेळापत्रक सुनेने भिंतीला लावलं. त्या वेळापत्रकात एका ओळीत "ती" असं लिहिलेलं होतं. सून मांजराविषयी पहिल्यांदा जे काही बोलली ते हे एक सर्वनाम.

पिंजऱ्याला मागणारे सगळेच असे नसतात. काही जण त्याला उसना मागतात ते भाऊच्या धक्क्यावर किंवा क्रॉफर्ड मार्केटला नेऊन रिकामा करण्यासाठी. "तिकडे खायला मिळतं हो त्यांना," असं वर सांगतात. तिथल्या मांजरांच्या आधीच्या टोळ्या नव्या पाहुण्याचं काय करतात, हे बघायला ते थांबत नाहीत. आणि इथे रिकामी झालेली जागा महिन्याभरात दुसऱ्या गल्लीतली मांजरं भरून काढतात, कारण कचऱ्याचा डबा तिथेच असतो. अशा मागणाऱ्यांना वही दाखवून परत पाठवतात. एकाने कायदा विचारला, म्हणून कायदा सांगितला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. उपासमारीने जनावराचे हाल होतील अशा ठिकाणी त्याला टाकून देणं त्याच्या अकराव्या कलमात गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. जनावराला मारलं किंवा पांगळं केलं तर नवी न्याय संहिता पाच वर्षांपर्यंत कैद सांगते, पण टाकून देण्याच्या दंडाची वरची मर्यादा १९६० पासून तीच आहे. टॅक्सी बावीसची एकतीस झाली, बस पाचाची दहा झाली, सिलिंडर सहाशेवरून हजारापुढे जाऊन आला. सहा दशकांत निर्दयपणा तेवढा महागला नाही. तो मागणारा हे ऐकून हसला आणि म्हणाला, "पन्नास? मग टॅक्सीच महाग पडेल की!" त्याला पिंजरा मिळाला नाही.

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आल्याची बातमी आली. चाळीच्या चौकात ती मोठ्याने वाचली गेली. मासळीबाजारातल्या मावशींनी विचारलं, "मग डोकी परत फुकट द्यायची का?" दर उतरला म्हणजे चढण्याचा वेग उतरला, चढलेलं खाली आलं असं नव्हे, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. वहीच्या मागच्या पानांवर एकदा चढलेला आकडा मागे आलेला क्वचितच सापडतो.

हल्ली पिंजऱ्याचा मोसम मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरतो. गिरणगावात चाळी रिकाम्या होत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशेत गेलेल्या माणसांचे आनंदाचे फोटो सगळ्यांनी पाहिले आणि तो आनंद खराच होता. पण अशी कुठलीही चाळ रिकामी होते तेव्हा ट्रकमध्ये कपाटं चढतात, देव चढतात, तुळशीची कुंडी चढते. जिन्याखालचं मांजर चढत नाही. ते पाळलेलं नव्हतं, नुसतं सगळ्यांचं होतं. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत गेलेला माणूस आधीच भाडं, ठेव, मुलांचं अंतर यात पिचलेला, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा कोणी करावी? मागे दारं-खिडक्या काढलेल्या इमारती राहतात आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेला ठरलेल्या दाराशी येऊन बसणारी मांजरं. बुलडोझर यायच्या आधीचे ते काही आठवडे पिंजरा जिन्याखाली नसतोच. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातो, त्याच्या वहीत अनोळखी अक्षरं वाढतात. पूर्वी अशा ठिकाणी माणसं भाताची पिशवी ओतून जायची. आता पिशवीवाले स्वतःच पिंजरा मागतात, कारण उद्या ते तिथे नसणार हे त्यांना कळलं आहे. रोज येणं परवडत नाही ते एकदाच येऊन काहीतरी कायमचं करतात.

इथे त्याचा स्वभाव उलगडतो. टोप दयाळू आहे, पण टोपाला रोज लागतं. रोज गॅस, रोज मासे, रोज कोणीतरी वेळेवर घरी असणं. यांतलं एक तुटलं की ती दया उपाशी पोटांच्या रांगेत उभी राहते आणि आधी ज्यांना आपण सवय लावली त्यांच्याच नजरेला नजर देता येत नाही. पिंजऱ्याला एका मांजरामागे एकदाच लागतं. एकदा बोंबील, एकदा टॅक्सी, एकदा देणगी. मग ते मांजर हिशेबातून सुटतं आणि हिशेबातून सुटलेलं मांजर जास्त जगतं, कमी भांडतं, अंगाने भरतं. चाळीतल्या बोक्यांची रात्रीची मारामारी आणि ती विचित्र रडगाणी थांबली तेव्हा ज्यांनी कधी एक काटाही मांजराला घातला नव्हता, त्यांनीसुद्धा पिंजऱ्याला तेलाची बाटली आणून दिली. दाराला मशीनचं तेल लागतं, खाण्याचं चालत नाही, हे त्यांना नंतर सांगितलं.

दोष त्याच्यात आहेत. पावसाळ्यात स्प्रिंग गंजते आणि दार अर्ध्यावर अडकतं. वेल्डिंगवाल्याने दुरुस्तीचा दर वाढवला आहे, पण "मोठ्या उंदरासाठी" म्हणून दहा रुपये सोडतो. पिंजरा कोणाला प्रेम देऊ शकत नाही, आणि तसं सोंगही करत नाही. त्याच्यातून सुटलेलं मांजर पुढे त्याला बघून रस्ता बदलतं. ज्याच्यासाठी इतकं केलं त्यानेच ओळख दाखवू नये, हे कुठल्याही समाजसेवकाला जड जाईल. याला नाही जात. तो भांड्यांसारखा कौतुकावर जगत नाही. आणि काम चांगलं झालं तर आपल्याला काम उरणार नाही, हे माहीत असूनही करतच राहतो.

आजींचा टोप अजून शेगडीवर चढतो, पण आता त्यात सहा मांजरांचे मासे आणि मूठभर तांदूळ. पाऊण तासाचं काम पंधरा मिनिटांवर आलं. सिलिंडर दीड महिना पुरतो. तिरंगी जाडजूड झाली आहे, कापल्या कानाची, आणि पोरं नसल्यामुळे दिवसभर कठड्यावर लोळते. आजी आता पिंजऱ्याला यमाचं दार म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत, पण शेजारच्या गल्लीतली कोणी बाई "आमच्याकडे पण फार झालीत हो, खायला काय घालू?" असं विचारायला आली, की त्या टोपाचं झाकण लावतात आणि तिला जिन्याखाली घेऊन येतात.

"खायला नंतर घाल," त्या सांगतात. "आधी हा घेऊन जा. वहीत नाव लिही, दार पडलं की बाजूला होऊ नकोस. आणि चादर तुझी तू आण, आमचीला घुशीने भोक पाडलंय."